जांभळे दाणे

बुसियाच्या अलीकडे, भाताच्या खाचरांना लागून
माझं दुकान : खिळे, रॉकेल, बी-बियाणं,
आणि वरच्या फळीवर,
पोरांचा हात पुरू नये म्हणून, तो डबा.

दाणे सुंदर होते, खोटं कशाला बोलू.
पिकल्या झांबराऊच्या सालीचा रंग,
बाजरीहून बारीक.
त्यांच्यासाठी एक चमचा वेगळा ठेवला होता,
दांडी मोडलेला,
चहाच्या चमच्यांत मिसळू नये असा.

ते काम करायचे. हेही सांगायला हवं.
नेरीमाच्या खाचरात खोडकिडा शिरला त्या साली
रोपांचा गाभा वाळून पिवळा पडला होता,
ओढला की अलगद हातात यायचा.
तिने बुडख्याशी चिमूट चिमूट टाकलं, पाणी कोंडलं,
पुढच्या पंधरवड्यात हिरवे फुटवे आले.
त्या भातावर थोरल्या पोरीची फी भरली तिने
आणि मला एक कोंबडी दिली, पाय बांधून.

हातमोजे मी विकत नव्हते. कुणी मागितलेही नाहीत.
डब्यावर कवटी होती,
आणि कवटीखाली मुंगीएवढी अक्षरं
अशा भाषेत, जिच्यात आम्ही फक्त परीक्षा देतो.

मग मुदीबो येऊ लागला.
त्याला शेत नव्हतं.
शेत नसलेला माणूस दर आठवड्याला
दोन चमचे कशाला नेतो,
हे मी विचारलं नाही.
तो उधारी ठेवत नसे.

एका पहाटे नदीच्या वाटेवर दिसला.
गोगलगायी फोडत बसला होता, शेंगा सोलाव्यात तशा,
आत दाणे भरून पुन्हा पाण्यात मांडत होता.
बांधावर एक करकोचा, पायात सुतळी, जिवंत,
उडणाऱ्यांना नुसत्या उभ्या असण्यानेच सांगत :
इथे चारा आहे. उतरा.

उतरले. काळे, चोचीत फट असलेले,
गोगलगायीसाठीच घडवलेली चोच ती.
थोड्या वेळाने पंख पाण्यावर पसरून बसले,
जणू कुणी कपडे वाळत घातलेत.
एक उठू पाहत होता आणि त्याचे गुडघे,
पक्ष्याला गुडघे असतात का ठाऊक नाही मला,
पण जे काही असतं ते
दुमडत होतं.

“घाबरू नकोस, नाफुला,” मुदीबो म्हणाला,
“आतडं काढलं की विष जातं.
उरलंसुरलं निखाऱ्यावर.”
त्याच्या नखांत जांभळं होतं.
त्याच हाताने
त्याने भाजलेलं कणीस माझ्यापुढे धरलं.

सोमवारच्या बाजारात ते मांस बदकाचं म्हणून खपतं.
मी दोनदा घेतलं होतं.
दोन्ही रात्री सुनेच्या पायांतलं बळ गेलं,
धाकट्याची लाळ थांबेना,
आणि आम्ही बोल लावला
मासळीला, विहिरीला, शेजारणीच्या नजरेला.

परतताना मी त्या करकोच्याची सुतळी कापली.
तो गेला नाही. पायाखालची जागा
त्याच्या इतकी अंगवळणी पडली होती.

डबा खाली काढला. पण टाकू कुठे?
नदीत? नदीतच तर मासे.
खड्ड्यात? कोंबड्या उकरतात.
अंगणात बराच वेळ उभी होते, डबा कडेवर घेऊन,
मूल घ्यावं तसा.

पुढे सरकारी माणूस आला, पावती देऊन घेऊन गेला.
आता तेच दाणे सीमेपलीकडून येतात,
साखरेच्या पुड्यांत, कवटीशिवाय.
मुदीबोला माझी गरज उरलेली नाही.

आज नेरीमा आली होती.
काही बोलली नाही. मुठीतून एक वाळका गाभा
काउंटरवर ठेवला,
आणि वरच्या फळीवरच्या
गोल डागाकडे बघत राहिली.

मोडका चमचा
अजून खणात आहे.